नागिणीचा वेढा पुरा झाला

तुमी घड्याळाचं कवतिक सांगताय, पण आमच्या तात्यांचं ऐका गड्यांनो. तात्या माझे चुलते, मिलिट्रीतनं रिटायर झालेले. पोरानं पुण्यास्नं नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं, तर हे ते झोपतानाबी काढंनात. एकदा सकाळी चार्जिंगला काढलं अन् काकू किंचाळली, "आवं, नागीण उठलीया!"

मनगटाभोवती लालभडक पुरळाचं कडं. आमच्याकडं समजूत अशी, की नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस संपला. हितं तर कुठं फटच नव्हती!

आष्ट्याची आत्या रडतच आली. तात्यांनी घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं अन् खाटेवर आडवे झाले. सगळी भावकी घड्याळावर वाकलेली, अन् तात्या बारीक आवाजात सांगतायत, "अजून चालू हाय."

शेवटी कराडला नेलं. डॉक्टरांनी हात बघितला अन् हसायलाच लागले. "ही नागीण नाही. पट्ट्याच्या रबराची अ‍ॅलर्जी आहे. आधी ते घड्याळ काढा."

काकूनं झटकन तात्यांचं मनगट धरलं. "आवं डॉक्टर, काढायचं नाव घिऊ नका! सकाळधरनं ह्यास्नी त्यानंच जितं ठेवलंय!"