पडद्यावरचा पहिला शब्द

हॅलो?… कोण?… ट्वायला! बोल, मेहुणीबाई… काय? नीट ऐकू येत नाही गं. तुमच्या नेब्रास्कात वारं सुटलं की तारा झोके घेतात…

हो, उद्याच. म्युझियममध्ये… अगं, बोलायचं म्हणजे काय, टीव्ही कसा केला ते सांगायचं. पुढे मोठ्या कंपनीने नाव कमावलं ते सोड, पण पहिलं चित्र आमचंच ना?… तुझ्या वडिलांच्या पेंडीच्या दुकानात!… हो, हो, पुढच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर तुझी बहीण आर्डिथ अन् मागच्या खोलीत मी, बशीएवढ्या काचेला डोळा लावून… आणि तू तिच्या तोंडाशी तो तापलेला दिवा धरून. विसरेन का?

काय ध्यान दिसत होती! तोंडाला हिरवी पावडर, ओठ काळे… हो ना, लाल ओठ पडद्यावर पांढरेफटक उमटायचे… तुझी आई तिला बघून किंचाळली होती, ते सांगू?… बरं, नाही सांगत.

अगं ऐक ना, शेवट खास आहे. मी आधीच तिला म्हटलं होतं, चित्र उमटलं तर माझ्याशी लग्न करशील? आवाज जातच नव्हता, नुसतं चित्र. आधी मुंग्याच मुंग्या… मग तिचा चेहरा… आणि ओठ हलले. ‘हो.’ स्पष्ट ‘हो’! लगेच चित्र गेलं, मी धावत सुटलो, पोत्याला अडखळून… हसतेस काय?… नको गं हसू. मला अजून भरून येतं ते आठवून. ती गेल्यापासून घर खायला उठतं…

काय सांगायचंय?… शपथ? कोणी घातली?… आर्डिथने? मग सांग ना आता, ती थोडीच रागवायला येणारे…

काय म्हणाली होती?… परत सांग… ‘होरपळले’?… ‘होरपळले, दिवा हलव’?

…आहे. फोनवरच आहे. बसलो जरा.

म्हणजे ‘हो’ इकडे आलं अन् ‘रपळले’ तिकडेच राहिलं… तरीच गालाला लोणी चोळत होती! मला वाटलं, लाजून लाल झालीय… आणि मी गावभर सांगत सुटलो. एकदा तरी बोलायचं ना तिने… इतकी वर्षं, समोर बसून कॉफी ओतताना…

नाही, चिडलो नाही. पण मग मी विचारलेलं राहिलंच की… उद्या लोकांना काय सांगू?… काय? तू विचारलंस तिला? कधी?… लग्नाच्या आदल्या दिवशी. काय विचारलंस?… ‘खरंच करायचंय का त्याच्याशी?’… बरं… मग?… जोरात बोल… ‘हो’?… ‘हो’च्या पुढे काही… ट्वायला?… हॅलो?… हॅलो?

गेली लाइन.

…असू दे. तेव्हाही एवढंच पोचलं होतं. पुरलं की.