बाहेरची कडी

रॉड : लाथ मारून बघू का?

नरेल : बघ. बाबांनी दाराला रेल्वेच्या रुळाचे खांब पुरलेत, आणि तुझे बूट ब्रिस्बेनचे आहेत.

रॉड : पण कडी लावली कुणी?

नरेल : वाऱ्याने. दार आपटलं की ती आपोआप पडते. तेवढ्यासाठीच बसवलीय. विसरलास?

रॉड : विसरतोय कसला. मला वाटलं एवढ्या वर्षांत गंजून गेली असेल.

नरेल : दर शुक्रवारी तेल घालते मी तिला.

रॉड : का?

नरेल : शुक्रवारी तेल घालायचं असतं म्हणून.

रॉड : अख्ख्या क्वीन्सलंडमध्ये टेनिस कोर्टाला बाहेरून कडी असलेलं हे एकच घर असेल, नरेल.

नरेल : वासरं आत शिरू नयेत म्हणून आहे, असं सांगायचे लोकांना.

रॉड : आणि आपल्याला काय सांगायचे?

नरेल : आपल्याला कशाला सांगतील? आपण आतच होतो.

रॉड : बाबा म्हणायचे, 'अर्धा सेट टाकून उठणारा माणूस आयुष्यात काही पुरं करत नाही.' आणि आई स्कोनची, त्या गोड पावांची थाळी घेऊन जाळीबाहेर उभी. आधी गुण विचारणार, मग कडी काढणार. सहा-चार? या बाहेर. पाच-चार? आटपा, चहा निवतोय.

नरेल : एकदा तू पाच-पाचवर रडायला लागलास. तिने स्कोन जाळीच्या भोकातून आत ढकलला.

रॉड : अर्धाच आला आत. लोणी सगळं तारेला.

नरेल : मुंग्यांनी खाल्लं. कोर्ट त्यांच्याच वारुळांच्या मातीचं, त्यांचा हक्कच होता.

रॉड : थांब, फोन लावतो.

नरेल : बाबांना? त्यांना घंटा ऐकू येत नाही.

रॉड : मग शेजारच्या बेव्हरलीला.

नरेल : लाव की. रेंज व्हरांड्याच्या दुसऱ्या पायरीपासून सुरू होते.

रॉड : ते बघ, बाबा बाहेर आले. बाबा, इकडे! कडी काढा!

नरेल : ओरडू नकोस. त्यांना वाटतंय आपण खेळतोय.

रॉड : हात हलवतायत.

नरेल : तू हलवलास म्हणून.

रॉड : आता बोट वर केलंय. एक. एक काय?

नरेल : आणखी एक सेट.

रॉड : अगं, आपल्या हातात रॅकेटी तरी आहेत का?

नरेल : इतक्या लांबून त्यांना रॅकेट दिसत नाही. नेटच्या दोन बाजूंना दोन माणसं दिसली की झालं. तू पलीकडे जा, नाहीतर काळजी करत बसतील.

रॉड : मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. कंपनीतलं एक आख्खं खातं सांभाळतो मी.

नरेल : मग धावू नकोस. चालत जा.

रॉड : आलो. आता?

नरेल : आता अधूनमधून वाक जरासा. हं. तुझा फोटो छान येईल असा. तुझ्या त्या फोटोपायीच आलो ना आपण आत?

रॉड : कंपनीच्या अंकात देणार होतो. 'आमचं टेनिसचं घराणं' म्हणून. लोकांना आवडतं असलं. साहेबसुद्धा माणूस आहे असं वाटतं.

नरेल : शाळेसाठी घर सोडलंस, त्यानंतर रॅकेट हातात धरलेली नाहीस तू.

रॉड : ते अंकात येणार नाही. आणि खरं सांगू? इथे कुणालाच आवडत नव्हतं टेनिस. वारुळं फोडा, माती चाळा, पाणी मारा, तो सिमेंटचा रोलर ओढा. बैल परवडले, त्यांना निदान शनिवारी मॅच नसते. आपण सगळे एकमेकांसाठी खेळत होतो. बाबा आईसाठी, आई बाबांसाठी, आणि आपण कडीसाठी.

नरेल : मला आवडायचं.

रॉड : आता कशाला बोलतेस तसं? कोण ऐकतंय?

नरेल : मला आवडायचं, रॉड. शुक्रवारी संध्याकाळी ओल्या मातीचा वास यायचा. बाबा कुंपणाच्या खांबाला रेडिओ टांगायचे, जानेवारीतल्या मॅचेस लागायच्या. आई ॲप्रन न काढता खालून सर्व्हिस करायची आणि पाद्रीबाबांना हरवायची. ते स्वतःचं चुकलं की 'देवाची इच्छा' म्हणायचे, आणि तिचं चुकलं की 'आउट'. मी रात्री अंथरुणात पडल्यावरसुद्धा मनात गुण मोजायचे.

रॉड : मग तर तुझी मजा होती.

नरेल : तीच तर अडचण झाली. तुला नावडायचं, तू सुटलास. मला कुणी धरून ठेवलंय हे कळायलाच पन्नाशी आली.

रॉड : बरं, अडकलोच आहोत तर बोलून घेऊ. तुझं हॉबार्टला जाणं.

नरेल : सोमवारचं विमान आहे.

रॉड : ते कळलं. माझं म्हणणं एवढंच, नाताळपर्यंत थांब.

नरेल : कुठल्या? मागच्या नाताळपर्यंत थांबले. त्याच्या आधी तुझ्या घटस्फोटापर्यंत थांबले, आणि तो तू दोनदा पुढे ढकललास.

रॉड : वकिलाने ढकलला. आणि तिथे करणार काय तू? रोपवाटिकेत कुंड्या भरणार, या वयात?

नरेल : हो. ओल्या मातीच्या. इथे मी जन्मभर माती दाबली, सपाट केली, तिच्यात गवताचं पातं दिसलं की उपटलं. आता मला तिच्यात काहीतरी उगवलेलं बघायचंय.

रॉड : आणि बाबा?

नरेल : सकाळी बाई येणार आहे, आंघोळ आणि औषधांना. दुपारचं जेवण बेव्हरली देईल. एका आड एक शनिवारी तू.

रॉड : मी?

नरेल : तुला कळवलं होतं. तू अंगठ्याचं चित्र पाठवलंस.

रॉड : मला वाटलं बातमी आहे. विनंती आहे असं वाटलं नाही.

नरेल : बातमीच होती.

रॉड : बाबांना सांगितलंस?

नरेल : स्वयंपाकघरात सांगितलं. गाडीत सांगितलं. डॉक्टरांच्या समोर सांगितलं. परवा कानाशी तोंड नेऊन सांगितलं. दर वेळी एकच उत्तर. 'काय?'

रॉड : यंत्र लावलेलं असतं का कानात?

नरेल : असतं. बेव्हरलीची कोंबडी फाटकातून आत आली की ऐकू येतं त्यांना. हवामान ऐकू येतं. मी जाणार आहे एवढंच येत नाही.

रॉड : मग नकोच सांगू. जा सोमवारी. मी नंतर हळूच सांगेन.

नरेल : न सांगता गेले तर ते पळून जाणं झालं. आणि सांगायला जावं तर ते ऐकत नाहीत. म्हणजे मी इथून निघू शकत नाही, आणि इथे राहायचं ठरवलंय असंही नाही. नुसती आत उभी आहे.

रॉड : कोर्टावर उभं राहून बोलतेस म्हणून असं वाटतंय. वाकू का परत?

नरेल : नको. ते निघाले.

रॉड : कुठे?

नरेल : इकडे. वॉकर घेऊन. पायरी उतरले बघ.

रॉड : देवा, सुटलो. पण ऐक, आज विषय काढू नकोस. किती खूश दिसतायत. इतक्या वर्षांनी दोन्ही मुलं कोर्टावर.

नरेल : म्हणजे तू उद्या निघून जाणार, आणि मी त्यांच्या खुशीत राहणार.

रॉड : तसं नाही म्हणालो मी.

नरेल : तसंच म्हणालास. फक्त चांगल्या शब्दांत. म्हणून तर तुला खातं दिलंय.

रॉड : टाकीपाशी थांबले.

नरेल : दम लागतो. जाऊ नकोस जाळीशी, उगाच घाई करतील. येऊ दे सावकाश.

रॉड : एवढी काळजी आहे तर राहा ना.

नरेल : एवढी काळजी आहे म्हणून तर जायचंय. परवा त्यांच्या हातून कप पडला आणि मी ओरडले. कपासाठी नाही ओरडले, रॉड. ते जिवंत आहेत म्हणून ओरडले. नंतर फरशी पुसताना माझं मला कळलं ते.

रॉड : बाबा टाकीपासून निघाले.

नरेल : आता काही बोलू नकोस. आले.

क्लॅरी : गुण किती?

रॉड : बाबा, कडी पडलीय. जरा काढा.

क्लॅरी : काय?

रॉड : कडी, कडी.

क्लॅरी : गुण किती म्हटलं.

रॉड : नरेल, सहा-चार सांग आणि मोकळी हो. हसत सांग.

नरेल : खेळलोच नाही आम्ही, बाबा. नुसते उभे होतो.

क्लॅरी : काय?

नरेल : मी सोमवारी जातेय.

रॉड : अगं, आज नको म्हटलं ना.

क्लॅरी : काय?

रॉड : मोठ्याने तरी बोल, आता काढलाच आहेस विषय तर.

नरेल : नाही. मी याच आवाजात बोलणार. बाबा, मी सोमवारी जातेय.

(वारा पडलेला. क्लॅरी वॉकर जाळीला टेकवतो.)

क्लॅरी : त्या हॉबार्टला थंडी फार.

रॉड : हॉबार्टचं नाव तिने आत्ता घेतलंच नाही.

क्लॅरी : तुझ्या आईचा राखाडी कोट आहे कपाटात. तिला नीट बसायचा नाही, खांद्यात मोठा होता. तुला बसेल. तो ने.

नरेल : तुम्हाला ऐकू आलं होतं.

क्लॅरी : पहिल्याच वेळी. तू कोबी चिरत होतीस.

नरेल : मग दर वेळी 'काय, काय' कशाला करत होतात?

क्लॅरी : तुझा स्वभाव माहीत आहे ना मला. अर्धवट टाकून निघणारी नाहीस तू. मला ऐकू जात नाही तोवर तुझं सांगणं पुरं होत नाही. तेवढे दिवस मिळाले.

नरेल : आता सांगून झालं, बाबा.

क्लॅरी : हो. झालं.

रॉड : बाबा, मी येईन ना एका आड एक शनिवारी.

क्लॅरी : बघू. नरेल, जरा मागे सर. दार आत उघडतं.