आतली कडी

व्हय, व्हय, म्याच ती. परवाच्याला मंगल कार्यालयात नाटक चालू असताना मधीच उभी राहिलेली म्हातारी म्याच. — हात सैल सोडा ताई, मूठ आवळली की बांगडी फुटती. — लई हसला म्हणता? पोट दुखेस्तोवर? हसणारच की. आख्खं कार्यालय हसायलतं. तुमाला वाटलं, नाटकवाल्यांनीच एक म्हातारी लोकांत बसवून ठिवली आसंल, येळ आली की उठायला. न्हाय ओ. मला कुणी बसवलं न्हाय अन् कुणी उठवलं न्हाय. — हिरव्याच घ्या, येडाईच्या दर्शनाला मुक्कामी आलाय तर हिरव्याच बऱ्या. ठिपक्याच्या दोन दिवस चमकत्यात अन् मंग काळ्या पडत्यात.

अभिनय लई झकास केला म्हणता? आता काय बोलावं तुमाला! ती नाटकातली मल्लिकादेवी — एष्टीतनं उतरती, ट्रंक गावच्या हिरोच्या डोक्यावर देती, आल्या आल्या गरम पाणी मागती, आरसा मागती, 'माझ्या खुर्चीवर कोण बसलं' म्हणून मेकपची खोली डोक्यावर घेती — ती कोण? ती म्या. म्हंजे म्या तशीच व्हते, खोटं कशाला बोलू. जत्रंत गावची पोरं नाटक बसवायची. राजा गावातला, परधान गावातला, राक्षस तर प्रत्येक गावात तयारच आसतोय — पण राणी कुठनं आणणार? लेकीसुना कोण चढू देतंय बोर्डावर? मंग ह्या महानंदाला, म्हंजे मला, सुपारी द्यायची. म्या येकटी जायची. नवरा पेटी वाजवायचा, तो लवकर गेला, पदरात लेकरू टाकून. लेकरू आईजवळ ठिवायचं, अन् निघायचं. दुपारी पोचायचं, कुणाला कोणतं वाक्य ठाव हाय तेवढं बघायचं, अन् रातच्याला उभं ऱ्हायाचं. नखरे म्हणता तुमी. नखरे व्हते. पण नखरे केले न्हाईत तर गावातली माणसं बाईला कामाला आलेली मोलकरीण समजत्यात, अन् केले तर नटी. मोलकरणीपरीस नटी बरी.

अन् मल्लिकादेवीचं काम केलं कुणी? माझ्या नातीनं. वैष्णवीनं. लेकाची लेक माझी, धाराशिवला कालेजात हाय. ठाव नव्हतं ना? त्या मान झटकायच्या, डोळं बारीक करायच्या, पदर खोचायच्या सगळ्या लकबी कुणाच्या वाटतात तुमाला? ह्याच दुकानात बसून शिकलीया. — सरकवते जरा, दुखंल, हाडावनं जाईस्तोवर. — पोरगी पयल्यांदा होस्टेलला निघाली तवा म्या तिला सांगितलं, निजताना आतनं कडी लावत जा. ती हसली. म्हनली, आज्जी, होस्टेलला कडी नसती व्हय? म्या म्हनलं, बाई, आमच्या येळंला नव्हती. आमाला शाळंत उतरवायचे, अन् शाळंच्या खोलीला कडी बाहीरनं असती, आतनं कुठं असती? मंग म्या काय करायची — ट्रंकंत हातोडी ठिवायची. हातोडी, खिळे अन् एक कडी-कोयंडा. गावात गेलं की आधी दाराला कडी ठोकायची, मंग पावडरचा डबा उघडायचा. सकाळी उपसून परत ट्रंकंत. पोरगी ऐकतच राहिली. गळ्यात पडली माझ्या, म्हनली, आज्जी, तू लई भारी हायस. आता तुमीच सांगा, म्या हे तिला कशासाठी सांगितलं व्हतं? पर तिनं ते जाऊन कालेजातल्या कुमार सरांना सांगितलं, अन् सरांनी त्याचं नाटक केलं. इनोदी.

धाराशिवला पयला खेळ झाला तवा मला म्होरच्या खुर्चीवर बसवलं व्हतं. इरकल नेसून गेलते. पयला अर्धा तास म्या बी हसले — हसले की! खुर्चीवरनं भांडण, हिरोच्या तोंडाला बिडीचा वास म्हणून मल्लिकादेवी नाक धरून डायलाग म्हणती — खरं हाय ते, आसंच करायची म्या. लोकं टाळ्या द्यायले, म्या मनात म्हणायले, हाणा, हाणा, ह्या माझ्या हायेत. अन् मंग पोरीनं ट्रंक उघडली अन् हातोडी काढली. आवो, हातोडी दिसली अन् लोकांनी छत डोक्यावर घेतलं! नटणारी बाई, नाकात नथ, अन् हातात हातोडी. ठोक ठोक ठोक. अन् कडी बसली न बसली तवर — टकटक. बाई, चहा आणलाय. टकटक. बाई, पानसुपारी. टकटक. बाई, माझं एक वाक्य इसरलं, जरा सांगता का आत घेऊन? सरपंच काय, मास्तर काय, हिरो काय — एक आला की दुसरा दाराबाहीरच्या बाकाखाली लपतोय. आता म्या हसण्यातली जाणकार हाय, ताई. जिंदगी त्याच्यावर काढलीया. पोटातनं आलेलं हसू येगळं अन् दातातनं आलेलं येगळं. बाप्ये दातातनं हसायलते. माझ्या शेजारी एक म्हातारी बसलती, कुणाची कोण, तोंडाला पदर लावून इतका येळ नुसती हसायलती — टकटक सुरू झालं अन् तिनं पदर खाली घेतला. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय, म्या तिच्याकडं बघितलं न्हाय. दोघी म्होरं बघत बसलाव.

खेळ सुटल्यावर पोरगी रंगासकट पळत आली. आज्जी, कसं झालं? काय सांगायचं? तिच्या कानात टाळ्या होत्या अजून. मला ठाव हाय, तवा दुसरं काय ऐकू येत नसतंय. म्या म्हनलं, ग्वाड केलंस.

मंग परवाचा खेळ, आपल्या येरमाळ्यात. तुमी व्हताच. न्हाय जायचं म्हनलं व्हतं म्या, पर पाय गेले. येणारच ती जागा, ठाव व्हतं. टकटक झालं. अन् माझ्या मागनं एकजण वरडला — तुमी ऐकलं आसंल, तुमी बी हसला आसाल — वरडला, 'उघड की, नाटकवालीच हायस, तुला कशाला पायजे कडी!' आख्खं कार्यालय फुटलं हसून. म्या कवा उठले मला कळलं न्हाय. म्हनले, 'ती कडी म्या ठोकलीया. ह्या हातानं. तुमाला हसवायला न्हाय ठोकली.' इतकंच म्हनले. पर आवाज ओ, आवाज! माईक नसताना जत्रंच्या शेवटच्या माणसापत्तुर पोचवलेला आवाज, तो काय घरच्या म्हातारीसारखा निघतोय व्हय? राणीसारखाच निघाला. अन् लोकं — शिट्ट्या, टाळ्या. काही बाया तर उभ्या राहून वाजवायल्या. अन् म्या काय करावं? म्या हात जोडले. टाळ्या पडल्या की हात आपसूक जोडले जात्यात, ताई. लाज वाटती सांगायला, पर अंगावर काटा आला, बरं वाटलं. बरं वाटलं मला!

पोरगी स्टेजवर हातोडी धरून उभी. तिला कळलं. त्या आख्ख्या कार्यालयात तिला येकटीला कळलं. पर खेळ थांबवता येत नसतोय. मंग ती म्हनली, 'आज्जी, बसा खाली, म्या न्हाय उघडत दार.' तुमी त्याला बी हसला. मला वाचवलं का लोकांना दिलं मला, अजून म्या इचार करते.

सर आले नंतर. म्हनले, आज्जी, कमाल! दर खेळाला येता का, गाडी पाठवतो, आसंच उठायचं, आसंच बोलायचं. म्या तोंड फिरवलं. पोरगी आली सकाळी. उंबऱ्यात बसली. म्हनली, आज्जी, तू मला नीट सांगितलं का न्हाईस? म्या म्हनलं, सांगितलं व्हतं की. कडी लावत जा म्हनलं व्हतं. तवा रडली. म्या न्हाय रडले.

त्याच रातच्याला हितं जवळच, आपल्या जिल्ह्यातल्या वाशीला खेळ व्हता. तिथं तिनं ती जागा हळू केली. हातोडी काढली, न बोलता कडी ठोकली, अन् टकटक झालं की दाराला पाठ लावून उभी राहिली. झालं! कुणी हसंना. लोकं खुर्च्या सरकवायले, खोकायले, कुणीतरी म्हनलं, आरं हे काय, इनोदी म्हणून आलोय ना आपण? सर पडद्याआड इंगेत उभं राहून हातवारे करायले — पळव, पळव. तिनं न्हाय पळवलं. आज सकाळी फोन आला. मल्लिकादेवी आता शिवांजली म्हणून दुसरी पोरगी करणार. चपळ हाय म्हणं. म्होरच्या खेळाला परत हसत्याल लोकं, त्याची काळजी नगं तुमाला.

वैष्णवी घरात भिंतीकडं तोंड करून पडलीया. जेवली न्हाय. माझ्यावर रागावली का सरावर, बोलंना. अन् मला राग येतोय तो कुणाचा म्हणाल — त्या वरडणाऱ्याचा न्हाय, तसले गावोगाव बघितले. तुमचा येतोय. तुमी बाया. चांगल्या घरच्या, शिकलेल्या, हातात पर्स. बाप्यांना कडी ठाव नसती, तुमाला ठाव हाय की न्हाय? तुमी कवा लॉजवर उतरला तर आधी काय बघता, गादी का कडी? मंग हसला कशाला? नवरा शेजारी हसायलता म्हणून?

बघा, एक फुटली. लागलं का? रगत न्हाय. दुसरी घालते.

काय? आसं काय झालं व्हतं म्हणून हातोडी? काय न्हाय झालं. बाईमाणूस हुशार असलं की आधीच घेती काळजी. — गाव? गावाचं नाव काय करायचंय तुमाला? ते लोकं लई मानाचे. नारळ दिला, साडी दिली, भाषणात ताई म्हनले. पयलंच वरीस माझं. हातोडी-बितोडी कुठं ठाव व्हती तवा. दाराला बाक लावला व्हता म्या, शाळंतला, पोरं बसत्यात तो. त्याच्यावर ट्रंक ठिवली. त्याच्यावर म्या बसले.

बाक हलका व्हता.

…झाल्या तुमच्या बांगड्या. न्हाय, वैष्णवीला ठाव न्हाय. कुणालाच न्हाय. तुमाला बी न्हाय, कळलं का? उठा. बघता काय तोंडाकडं? उठा म्हनलं ना, मागच्या बाईला बसू द्या.