अदलाबदल झालीच नव्हती

अहो, डोळा असा टेकवू नका भिंगाला — जरा लांबून बघा. दिसलं? त्या काचेच्या डबीतलं जाळं ना, ते तुमच्या थोरल्या भावाचं. म्हणजे त्यांच्या दंडाची चिमूटभर कातडी घेतली होती, तिच्यापासून आधी मूळ पेशी केल्या, मग मेंदूतल्यासारख्या. माणूस जाऊन दोन वर्षं झाली, आणि मी इथं रोज सकाळी त्यांना खाऊ घालतेय — हो, रविवारीसुद्धा! नवरा म्हणतो, घरच्यांपेक्षा तुला त्या डब्यांचंच जास्त. असेल. डब्या उलटून बोलत नाहीत.

धागे तुटलेत ना मधे मधे? तोच तो आजार. आधी हातातून कप सुटायचा, मग शब्द सुटायला लागले — तुमच्या आईचंही तसंच झालं म्हणे. इथं डबीत औषधं घालून बघतो आम्ही. अजून एकही लागू पडलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण या डब्यांपायी मी काय ऐकून घेतलंय, माझं मला माहीत! शेजारी-शेजारी दोन वाढवायच्या — एक आजारी माणसाची, एक त्याच घरातल्या निरोगी माणसाची, तुलनेला. तर निरोगी डबीतलेही धागे तुटायला लागले. झालं! आमच्या लॅबच्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, तूच अदलाबदल केलीस. मी? एकोणीस वर्षांत डबीवरची एक चिठ्ठी चुकली नाही माझी! रडले हो घरी जाऊन. मग हट्टालाच पेटले — फ्रीझरमधल्या गोठवलेल्या पेशींच्या जुन्या कुप्या काढून पुन्हा पहिल्यापासून वाढवलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तेच — नवव्या आठवड्यात तुटायला सुरुवात. शेवटी मॅडमनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, चूक तुझी नव्हती, मुळात तो धाकटा भाऊच —

…

काय?

नाही, म्हणजे… तुम्ही बसा आधी. ते स्टूल घ्या. कातडी तुम्हीही दिली होती, हो, आहे माझ्या लक्षात. आणि ‘निकाल कळवू नये’ यावर खूण केली होती, तो फॉर्म मीच फाइलला लावला. मग? मी कुठं काय कळवलं? डबीत होतं ते माणसात होतंच असं नाही — असं मॅडम म्हणतात. मुलगी केवढी झाली तुमची?

नका, हात नका दाखवू मला. मी डॉक्टर नाही. कधीपासून थरथरतोय हा — नको, नका सांगू! मॅडम दहाला येतात, त्यांना विचारा. बाहेर बाकावर बसा जा. मला डब्यांचं खाणं बदलायचंय.