कॉपी करून पास

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या वेल्डरच्या कानावर शेजारी बसलेल्या निवृत्त हेडमास्तरांचं आणि त्यांच्या बायकोचं बोलणं पडत होतं.

"किती आलं बीपी?"

"एकशे सव्वीस. खालचं ऐंशी."

"आणि मागच्या खेपेला वरचं एकशे ऐंशी होतं."

"तेव्हा तपासणीआधी चार दिवस गोळी बंद ठेवायचो ना. गोळी घेऊन नॉर्मल येणं म्हणजे कॉपी करून पास होणं वाटायचं."

"अहो, जन्मभर चष्मा लावून पेपर तपासलेत, ती कॉपी नव्हती का?"

"तू हे बोललीस, त्या दिवसापासून एक गोळी चुकवली नाही."

"मग झालात पास."

"नुसता पास नाही, फर्स्ट क्लास."

वेल्डरने तपासणी आहे म्हणून खिशात तशीच ठेवलेली बीपीची सकाळची गोळी बाहेर काढली.

"सिस्टर, जरा पाणी मिळेल का?"