विहिणीकडे मुक्काम

घोडेगावच्या एसटी स्टँडवर बिबिजान बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी एक म्हातारी आणि तिचा भाऊ बोलत होते. बिबिजानची गाडी आली तरी तिचे कान तिकडेच होते.

"आक्का, डोंगराला भेग पडलीय. सगळी वाडी खाली शाळंत गेली. तू वर कशाला जातीस?"

"माजी विहीण घर सोडंना. लेकाचं ऐकत न्हाई, सुनंचं ऐकत न्हाई."

"मग तुजं ऐकंल व्हय? पोरीच्या लग्नापास्नं तुमी बोलत नाय."

"म्हनून तर जाते. तिच्या घरात बसते. ती उठंल तवाच मी उठंन."

"आन् डोंगर खाली आला तर?"

"दोगींवर येईल. फोन लाव तिला."

फोन लागला.

"विहीणबाई, मी कुशाबाई. आज मुक्कामाला येते तुमच्याकडं. भेग? ठावं हाय की. तुमाला चालती, तर मलाबी चालंल."

पलीकडचं बोलणं संपलं. मग तिने फोन भावाकडे दिला.

"काय म्हनली?"

"म्हनली, पावणीचा जीव माज्या दारात नको. मीच शाळंत जाते."

"झालं तर! चल घरी."

"घरी कशाला? नव्या जागी तिला झोप लागायची न्हाई. गाडी लागली बघ, पिशवी घे."