घड्याळाची डुलकी

हसू नका, पण मी एकदा दुरुस्त केलेलं घड्याळ मुद्दाम बिघडवून आलोय.

जोतिबाच्या डोंगराखाली एक छोटी दूध डेअरी हाय. सकाळी नऊ वाजले की तिथला कॉम्प्युटर दूध घेणं आपोआप बंद करतो. पण त्याचं घड्याळ रोज सकाळपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मागं पडायचं आणि सेक्रेटरी तात्या संध्याकाळी ते हातानं पुढं सारायचे.

मला दुरुस्तीला बोलावलं, तेव्हा मी सांगितलं, "तात्या, तुमचा प्रोग्राम मोठ्या मशीनच्या पोटातल्या आभासी मशीनवर चालतोय. मोठं मशीन दुसऱ्या कामात गुंतलं की हे झोपतं. झोपेत पडलेले ठोके ते मोजतच न्हाय."

"मंजी स्वप्नात राहतंय म्हणा की."

मी सेटिंग बदललं. आता ठोके मोजायचे नाहीत, जाग आली की मोठ्या मशीनलाच वेळ विचारायची.

दुसऱ्या सकाळी बरोबर नऊला संकलन बंद झालं. दहा मिनिटांनी धुक्यातनं म्हातारी हौसाक्का आली. डोक्यावर किटली, आणि चाल अशी संथ, जणू झोपेतच चाललीय.

"आक्का, बंद झालं," मी म्हटलं.

"रोज ह्याच वक्ताला येतोय की. दोन वरसात एकदाबी मला परत लावलं न्हाईसा."

तात्यांनी तिच्या ओल्या पायांकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "पावणं, निजवा त्याला परत. गावात एक तरी घड्याळ आक्काच्या पावलानं चालू दे."